खोडदच्या डिशमध्ये पॅराबोला नेमका कुठे आहे?

पाटी-पेन्सिल · ३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला, वर्गातली मुलं घेऊन खोडदला जीएमआरटी, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी मोठी दुर्बीण, बघायला गेलो होतो. नारायणगाव मागे पडलं की द्राक्षांच्या मांडवांपलीकडे त्या डिश दिसायला लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एकूण ३०, त्यातल्या १४ मध्यभागी आणि १६ तीन दिशांना गेलेल्या फाट्यांवर. सगळा पसारा २५ किलोमीटरचा.

अन्वस्त, म्हणजेच पॅराबोला, नुकताच शिकवून झाला होता, म्हणून मुलांना सांगून ठेवलं होतं की आज पॅराबोला डोळ्यांनी बघायचा. सगळे माना वर करून बघत होते. एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, त्या मोठ्या नळ्या वाकवलेल्या आहेत, ते कळलं. पण त्यांच्या मधल्या दोऱ्या सरळ आहेत आणि जाळी सपाट तुकड्यांची दिसतेय. मग पॅराबोला कुठंय?"

मी म्हणालो, "जवळजवळ पॅराबोला आहे." ती "हं" म्हणाली आणि पुन्हा वर बघायला लागली. त्या "हं"ला मला नीट उत्तर द्यायचंय.

घरी येऊन एवढं केलं. या डिशचं नाभीय अंतर (तळापासून, सगळ्या लहरी जिथे एकवटतात त्या नाभीपर्यंतचं) १८.५४ मीटर आहे. खोली म्हणजे त्रिज्येचा वर्ग भागिले चारपट नाभीय अंतर. २२.५ चा वर्ग ५०६.२५, भागिले ७४.१६, म्हणजे काठाशी खोली ६.८३ मीटर. दोन मजली घर बुडेल एवढी वाटी. ती सरळ दोऱ्यांतून कशी तयार होते, आणि "जवळजवळ" म्हणजे किती जवळ, हे कुणी मला सांगेल का? मला सोमवारी वर्गात उभं राहायचंय.

---

घोटीव · ३ मार्च, रात्री १०:०५

वाचतोय. खोडदला दोनदा जाऊन आलो, पण हे लक्षातच आलं नव्हतं. पोरीची नजर चांगली आहे.

---

कैचीवाला · ३ मार्च, रात्री ११:३०

सर, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि दोरांच्या बांधणीवर काम केलंय. तुमच्या विद्यार्थिनीने बरोब्बर मुद्द्यावर बोट ठेवलंय. जीएमआरटी उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बांधणीला 'स्मार्ट' असं नाव दिलं. अर्थ असा, की दोरांच्या कैच्यांना ताणून बांधलेली जाळी. कैची म्हणजे आपल्या पत्र्याच्या छपराखाली असते तीच, फक्त लोखंडी अँगलऐवजी स्टीलच्या दोरांची. मधल्या गाभ्यापासून १६ अन्वस्ताकार नळ्यांच्या चौकटी बाहेर जातात. वाकवलेलं काम तेवढंच. बाकी सगळं ताणलेलं, म्हणजे सरळ.

आता "जवळजवळ"चा हिशेब. आधी समजा, शेजारच्या दोन चौकटींमध्ये काठाशी एक साधा दोर सरळ ताणला. १६ चौकटी म्हणजे दोघींमध्ये २२.५ अंशांचा कोन. दोराची लांबी येते ८.७८ मीटर. वर्तुळाचा कंस आणि ही जीवा यांच्यात मधोमध फट पडते ४३ सेंटिमीटरची. ही फट आडवी मोजलेली आहे. काठाशी पृष्ठभागाचा उतार ३१ अंशांचा आहे, म्हणून पृष्ठभागाला लंब दिशेने मोजली तर ती साधारण २२ सेंटिमीटर होते.

आणि अवकाशातल्या हायड्रोजन वायूकडून येणारी रेडिओ लहर २१ सेंटिमीटरची! म्हणजे नुसते दोर ताणले असते तर एक अख्खी लहर मावेल एवढी चूक झाली असती. ती डिश हायड्रोजनसाठी कामाचीच राहिली नसती.

म्हणून कैची. पुढच्या दोराला मधे मधे बांध घालून मागे ओढायचं, म्हणजे एका सरळ रेषेच्या जागी मोडलेली रेषा मिळते. समजा तीन ठिकाणी ओढलं, तर चार तुकडे झाले. तुकड्याची लांबी पावपट झाली की फट सोळापट कमी होते, कारण फट लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २२ सेंटिमीटरचे १.४ सेंटिमीटर झाले. तुकड्यांची संख्या मी समजुतीसाठी घेतली आहे, पण वर्गाचा नियम पक्का आहे आणि सगळी किमया त्या वर्गातच आहे.

---

उकडीची पारी · ४ मार्च, सकाळी ७:१५

मी गणितातली नाही, पण एक विचारते. जाळी एवढी लवचिक असते तर ती नळ्यांवर टाकून नुसती घट्ट ओढून घेतली तर आपोआप वाटी होणार नाही का? छत्रीचं कापड होतं तसं?

---

कैचीवाला · ४ मार्च, सकाळी ८:०२

ताई, फार मोलाचा प्रश्न विचारलात. घरातली छत्री उघडून काडीकडे बघू नका, दोन काड्यांच्या मधल्या कापडावरून हात फिरवा. काडीच्या दिशेने कापड बाहेर फुगलेलं आहे. पण आडव्या दिशेने, एका काडीवरून दुसरीकडे जाताना, ते आत दबलेलं लागेल. घोड्याच्या खोगिरासारखं.

हा कापडाचा दोष नाही. नुसत्या ताणावर उभ्या असलेल्या कुठल्याही पडद्याला असंच वागावं लागतं. एका दिशेचा ताण कापडाला वर ओढतो, दुसऱ्या दिशेच्या ताणाने ते खाली ओढलं गेलं तरच समतोल राहतो. म्हणून दोन्ही वक्रता उलट सुलट. वाटीला मात्र दोन्ही दिशांनी एकाच बाजूला वळायचं असतं. त्यासाठी फुग्यासारखी मागून हवा तरी हवी, नाहीतर जागोजागी मागे ओढणारे बांध तरी. खोडदला बांध आहेत. जाळी जितकी घट्ट ओढाल तितकी ती वाटीपासून दूर जाऊन खोगिराकडे जाईल.

---

उकडीची पारी · ४ मार्च, सकाळी ८:४०

आता लख्ख कळलं! मोदकाचं असंच आहे बघा. उकडीची पारी सपाट थापली आणि नुसती वर उचलली तर वाटी होत नाही, कडा चिरतात किंवा दुमडतात. अंगठ्याने कडेकडेने दाबत दाबत ती पातळ करत न्यावी लागते, म्हणजे उकड ताणली जाते. आणि वर तोंड मिटवायचं तर कळ्या पाडाव्याच लागतात, कारण तिथे उकड जास्त होते. तारेच्या जाळीला ना पातळ करता येत, ना कळ्या पाडता येत.

---

पाटी-पेन्सिल · ४ मार्च, दुपारी १:२०

पारीताई, तुम्ही जे लिहिलंत तो गाउसचा १८२७ सालचा सिद्धांत आहे. त्याला स्वतःला तो इतका आवडला होता की लॅटिनमध्ये त्याचं नावच 'थेओरेमा एग्रेजियम' ठेवलं, म्हणजे असाधारण प्रमेय. पृष्ठभागाच्या एखाद्या बिंदूपाशी दोन मुख्य दिशांच्या वक्रता घ्यायच्या आणि त्यांचा गुणाकार करायचा. हा गुणाकार पृष्ठभाग कसाही वाकवला तरी बदलत नाही, फक्त ताणलं किंवा आकसलं तरच बदलतो. सपाट पारीचा गुणाकार शून्य, वाटीचा धन, खोगिराचा ऋण. शून्याचं धन करायचं तर पातळ करा, नाहीतर कळ्या पाडा. तिसरा रस्ता नाही.

खोडदच्या डिशसाठी आकडे काढले. तळाशी वक्रता त्रिज्या नाभीय अंतराच्या दुप्पट, ३७.०८ मीटर, दोन्ही दिशांना सारखीच. काठाशी मात्र काडीच्या दिशेने ५९ मीटर आणि आडव्या दिशेने ४३ मीटर. म्हणजे काठाकडे वाटी सपाट होत जाते, आणि दोन दिशांना वेगवेगळ्या प्रमाणात होते.

यावरून वर्गासाठी आणखी एक गोष्ट सापडली. दहावीपर्यंत मुलं आरशांसाठी "वक्रता त्रिज्या म्हणजे नाभीय अंतराची दुप्पट" असं पाठ करून येतात. ३७.०८ मीटर त्रिज्येचा गोल घेतला तर काठाशी खोली ७.६१ मीटर येते, अन्वस्ताची ६.८३. फरक ७८ सेंटिमीटर. ते सूत्र तळाजवळच चालतं. ४५ मीटरच्या डिशमध्ये ते घेऊन गेलात तर जवळपास चार लहरींची चूक.

---

निळी टेकडी · ४ मार्च, सायंकाळी ६:५०

उटीची आठवण आल्याशिवाय राहवत नाही. नोकरीनिमित्त निलगिरीत पाच वर्षं काढली आणि तिथली रेडिओ दुर्बीण रोज दिसायची. तीही स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली, १९७० मध्ये उभी राहिली. पण तिचा आकार वेगळा आहे. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, एखादं पन्हाळ असावं तशी. २४ अन्वस्ताकार चौकटी आणि त्यांच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११०० समांतर तारा.

पाटी सर, तुमच्या गुणाकाराच्या भाषेत सांगायचं तर पन्हाळ्याची वक्रता एकाच दिशेने आहे, लांबीच्या दिशेने शून्य. म्हणून गुणाकार शून्य. म्हणजे तिथे सरळ तारा हा तडजोडीचा भागच नाही! तार सरळ असणं हेच बरोबर आहे. मला हे आज, तुमचा धागा वाचताना कळलं. पाच वर्षं खाली उभा राहून नुसत्या तारा बघत होतो.

आणि टेकडीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. जागा अशी निवडली की टेकडीचा उतार ११ अंशांचा आहे आणि तिथलं अक्षांशही ११. पन्हाळं उताराला लावून उत्तर-दक्षिण ठेवलं की त्याचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो. मग एकाच अक्षाभोवती फिरवून साडेनऊ तास एखादा स्रोत नजरेत ठेवता येतो.

---

लोखंडी · ४ मार्च, रात्री १०:१५

नमस्कार. माझं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. गेट, शेड, जिने करतो, आणि मधल्या काळात सौर स्वयंपाकाच्या डिश केल्या. शेफलर पद्धतीच्या. शिर्डीला साई प्रसादालयावर ७३ आहेत, त्याच जातीच्या. ही पूर्ण वाटी नसते, वाटीच्या कडेचा एक तिरका तुकडा असतो. तो ताशी १५ अंशांनी फिरतो आणि उजेड दिवसभर एकाच जागी पडतो, त्यामुळे चूल हलवावी लागत नाही.

माझी पहिली डिश एका आश्रमशाळेत मार्चमध्ये बसवली. फर्मा प्लायवूडचा काढला होता, आडवे बार एकेक करून फर्म्यावर वाकवले, टाके मारून जोडले, काचा लावल्या. भांड्याखाली ताटलीएवढा झगझगीत गोल. पाणी उकळलं तेव्हा पोरं टाळ्या वाजवत होती. मे महिन्यात मुख्याध्यापकांचा फोन आला, भात शिजत नाही. जाऊन बघतो तर गोलाची लांबट पपई झालेली. मी डिश थोडी वरखाली कलती करून बघितली, काही फरक पडेना.

चूक माझीच होती. मी बार चारही कोपऱ्यांत पक्के वेल्ड करून टाकले होते. सूर्य वर्षभरात विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश वर आणि साडेतेवीस अंश खाली जातो. चूल हलत नाही, सूर्य हलतो, म्हणजे दर ऋतूला लागणारा अन्वस्तच वेगळा. मूळ रचनेत चौकट मुद्दाम लवचिक ठेवलेली असते. वरचं आणि खालचं टोक ओढून किंवा सैल करून वक्रता थोडी कमीजास्त करायची असते. मी मजबूत करायच्या नादात तोच जीव काढून घेतला होता.

ग्राइंडरने वेल्ड कापले, बिजागऱ्या घातल्या, दोन टर्नबकल (फिरवून ताण कमीजास्त करायचे स्क्रू) लावले. आता तिथली पोरंच दर पंधरवड्याला भांड्यावरचा गोल बघून टर्नबकल फिरवतात. त्यांना अन्वस्त हा शब्द माहीत नाही, पण हाताला माहीत आहे.

---

पाटी-पेन्सिल · ४ मार्च, रात्री १०:५०

लोखंडी दादा, हा प्रतिसाद मी जसाच्या तसा वर्गात वाचून दाखवणार आहे. चालेल ना?

---

लोखंडी · ४ मार्च, रात्री ११:०४

चालेल सर. पोरांना शॉपवर पाठवलंत तर फर्माही दाखवतो.

---

थेंब · ५ मार्च, सकाळी ९:३०

कुणाच्याही हाताशिवाय तयार होणारा अन्वस्तही आहे. बादलीतलं पाणी गोल फिरवलं की मधे खड्डा पडतो, तो नेमका अन्वस्ताचा. उत्तराखंडात देवस्थळला पाऱ्याची ४ मीटरची दुर्बीण २०२२ मध्ये सुरू झाली. नाभीय अंतर ८ मीटर हवं तर किती वेगाने फिरवायचं? गुरुत्वत्वरण भागिले कोनीय वेगाच्या वर्गाची दुप्पट, यावरून काढा. एका फेरीला ८ सेकंद येतात, आणि ती तेवढ्याच वेगाने फिरते. अडचण एकच: ती सरळ वरच बघू शकते. तिरकी केली की पारा सांडला.

---

घोटीव · ५ मार्च, सकाळी १०:१०

एक शंका. कैचीवाला यांनी १.४ सेंटिमीटर म्हटलं. ते चालतं कशावरून? एक मिलिमीटर का नको? आणि जाळीला भोकं आहेत, त्यातून लहर निसटत नाही का?

---

कैचीवाला · ५ मार्च, दुपारी ३:४५

हाच गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अन्वस्त का लागतो, इथून सुरू करू. लांबून येणारी लहर डिशवर आपटून नाभीत पोचते. अन्वस्ताची व्याख्याच अशी की नाभीपासूनचं अंतर आणि नियता नावाच्या एका ठरलेल्या सरळ रेषेपासूनचं अंतर सारखं. म्हणून कुठेही आपटली तरी एकूण वाट सारखीच, आणि सगळ्या लहरी एका पावलात पोचतात, दिंडीतली पावली पडते तशा. पृष्ठभाग एका जागी १ सेंटिमीटर मागे असेल तर जाताना आणि येताना मिळून वाट सुमारे २ सेंटिमीटरने वाढते. २१ सेंटिमीटरच्या लहरीत ते दहावा भाग. पाऊल थोडं चुकलं, पण दिंडी मोडली नाही.

जॉन रूझ यांचं १९६६ मधलं सूत्र हे आकड्यात सांगतं. पृष्ठभागाची सरासरी चूक (वर्गांच्या सरासरीचं मूळ घेऊन) १ सेंटिमीटर असेल तर २१ सेंटिमीटरच्या लहरीसाठी ७० टक्के कार्यक्षमता उरते. अर्ध्या मीटरच्या लहरीसाठी साधारण ९४ टक्के. २ मीटरच्या लहरीसाठी ९९ टक्क्यांच्या वर. जीएमआरटी मुख्यतः लांब लहरींसाठी बांधली आहे. एक मिलिमीटरचा पृष्ठभाग करून त्या लहरींना काहीही वाढीव मिळालं नसतं, खर्च आणि वजन मात्र कितीतरी पटीने वाढलं असतं.

आणि १.४ सेंटिमीटर ही तुकड्याच्या मधोमधची सर्वांत मोठी फट आहे, सरासरी चूक नव्हे. सपाट तुकडा पूर्ण आत ठेवण्याऐवजी थोडा आत थोडा बाहेर बसवला तर सरासरी चूक या मोठ्या फटीच्या सुमारे तीन-दशांश उरते, म्हणजे ४ मिलिमीटर. सुतार रंधा मारताना उंचवटा थोडा आणि खळगा थोडा असा वाटून घेतो, तसंच. अर्थात प्रत्यक्षात यात दोराचा झोल, वारा, डिशचं स्वतःचं वजन अशा इतर चुका मिळतात.

भोकांचं असं. लहरीच्या मानाने भोक बारीक असलं की लहरीला ती जाळी पत्र्यासारखीच वाटते. खोडदला तारा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि भोकं मधल्या भागात १० मिलिमीटर, मग १५, काठाकडे २०. पत्रा लावला असता तर १६०० चौरस मीटरचं शीड उभं राहिलं असतं. जुन्नरच्या माळावरचा वारा ज्याने खाल्लाय त्याला सांगायला नको. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून चौकटी बारीक चालतात, म्हणून मोटरी लहान चालतात, म्हणून तेवढ्या पैशात ३० डिश झाल्या.

चीनमधल्या 'फास्ट' नावाच्या रेडिओ दुर्बिणीतही दोरांची जाळी आहे. ती ५०० मीटरची, मुळात गोलाकार. खालून दोर ओढून तिचा ३०० मीटरचा भाग निरीक्षण चालू असताना अन्वस्तात बदलतात. ओढण्याची कल्पना तीच, फक्त तिथले बांध हलते आहेत. लोखंडी दादांच्या टर्नबकलचं मोठं भावंड म्हणा.

---

निळी टेकडी · ५ मार्च, सायंकाळी ७:२०

काठाकडे भोकं मोठी का चालतात? तिथेही लहर तीच आहे ना?

---

कैचीवाला · ५ मार्च, रात्री ८:००

लहर तीच. पण नाभीत बसवलेला, लहरी टिपणारा ग्राहक (रिसीव्हर) डिशच्या मध्यभागाला जास्त जोराने 'बघतो' आणि काठाकडे त्याची नजर मुद्दाम मंद होत नेलेली असते, नाहीतर काठापलीकडच्या गरम जमिनीचा गोंगाट आत येतो. म्हणून काठाशी थोडी निसटली तरी नुकसान कमी. आणि काठाशी वाऱ्याचा जोर मध्यापासून सर्वांत लांब लागतो, म्हणून तो डिशला जास्त मुरडतो; तिथे जाळी विरळ असलेली बरी.

---

पाटी-पेन्सिल · १० मार्च, रात्री ९:१५

सोमवारी काय झालं ते सांगायला आलोय.

एक फळी नेली होती. तिच्यावर खोडदच्या काठाचा एक कप्पा दहापट लहान करून आखला: २.२५ मीटर त्रिज्येचा कंस आणि ८८ सेंटिमीटरवर दोन खिळे. खिळ्यांमध्ये मांजा ताणला. त्या मुलीनेच पट्टीने फट मोजली. ४.३ सेंटिमीटर. मग मांजाला तीन ठिकाणी सुतळीचे बांध घालून ते मागच्या एका दोऱ्याला बांधले. पहिल्यांदा मधला बांध जास्त ओढला गेला आणि टोकांचे दोन तुकडे कंसाच्या आत राहिले. तिने मधला सैल केला, तर बाजूचे दोन आपोआप घट्ट झाले. एक बांध हलवला की सगळेच हलतात हे मुलांना तेव्हा कळलं. पाऊण तास गेला. शेवटी तीनही गाठी आखलेल्या कंसावर बसल्या आणि प्रत्येक तुकड्याची फट तीन मिलिमीटरच्या आत आली.

मी विचारलं, "आता सांग, पॅराबोला कुठंय?"

ती गाठींकडे बोट दाखवून म्हणाली, "इथे, इथे आणि इथे. मधे नाहीये. पण मधे नसला तरी लहरीला कळत नाही." मग थोडं थांबून, "सर, छोटी लहर आली तर कळेल ना?"

पुढच्या शनिवारी चौघं-पाच जण लोखंडी दादांच्या शॉपवर फर्मा बघायला येतोय. दादा, पत्ता खाजगी निरोपात पाठवा.

---

लोखंडी · १० मार्च, रात्री ९:३२

पाठवला सर. मुलांना पायात बूट घालून यायला सांगा, खाली लोखंडाचा कीस असतो.